नवी वास्तू आणि मोफत नाट्यवर्ग



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांना बोलावण्याची चाल आहे. आमच्यासारख्या, सातवीत शाळा सुटलेल्या आणि पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर व युनियनच्या कचेरीत झालेल्या माणसाला चालकांनी बोलावले, हे त्यांचे धाडसच म्हटले पाहिजे. त्यांचे आभार मानून विषयाला हात घालतो.

विषय साधा आहे. आमच्या वस्तीच्या टोकाला पालिकेने एक नवी सार्वजनिक वास्तू बांधली आहे. खाली दोनशे माणसे बसतील असे सभागृह, वर दोन खोल्या, पुढे फरसबंद अंगण. नारळ फुटला, फीत कापली गेली, कोनशिलेवर नावे कोरली गेली. आता प्रश्न असा की, या वास्तूत रोज काय व्हावे? काहींचे म्हणणे, लग्नकार्यांना भाड्याने द्यावी, चार पैसे उत्पन्न येईल. काहींच्या मते सत्कार-समारंभांची सोय झाली, एवढे पुरे. आमच्या युनियनने आणि वस्तीतील महिला मंडळांनी मिळून मागणी केली आहे ती निराळी. आठवड्यातून तीन संध्याकाळी तेथे नाटकाचे वर्ग चालावेत, ते सर्वांना खुले असावेत आणि त्यांना फी नसावी, अशी ती मागणी आहे.

ही मागणी ऐकून पुष्कळांना हसू आले. कामगारांच्या कार्यकर्त्याने बोनस मागावा, पगारवाढ मागावी, कंत्राटी माणसाला कायम करा म्हणावे. हा नाटकाचे वर्ग कशासाठी मागतो? पोटाची मारामार असताना तोंडाला रंग फासण्याची ही हौस कसली? त्या हसण्याला उत्तर द्यावे, एवढ्याचसाठी आम्ही आज येथे उभे आहोत.

युनियनच्या कामात आमची तीस वर्षे गेली. या काळात खात्यांतर्गत चौकशांना कामगाराचा प्रतिनिधी म्हणून आम्ही किती वेळा बसलो, याचा हिशेब ठेवलेला नाही. देखावा मात्र दर वेळी तोच असतो. टेबलाच्या पलीकडे चौकशी अधिकारी, शेजारी मालकपक्षाचा प्रतिनिधी, पुढ्यात कागदांची चळत. टेबलाच्या अलीकडे आरोपपत्र हातात पडलेला कामगार. आदल्या रात्री याच माणसाने चहाच्या टपरीवर सगळी हकीकत मुद्देसूद सांगितलेली असते. मुकादम काय बोलला, आपण काय उत्तर दिले, त्या वेळी तेथे कोण उभे होते, सारे काही. सकाळी अधिकारी विचारतो, "तुम्हाला काय सांगायचे आहे?" आणि माणसाचा घसा कोरडा पडतो. नजर फरशीवर जाते. "काही नाही साहेब" एवढे तीन शब्द कसेबसे बाहेर पडतात. ते तीन शब्द कागदावर उतरतात आणि पुढे ते पुसता पुसता कामगार न्यायालयात वर्षे निघून जातात.

हा माणूस मुका नसतो आणि मूर्ख तर नसतोच. चार लोकांसमोर उभे राहून, वरच्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहून, आपली गोष्ट आपल्या आवाजात सांगण्याचा सराव त्याला जन्मात कोणी दिलेला नसतो. शाळेत हात बांधून बसायचे, कारखान्यात मान खाली घालून काम करायचे, घरी थोरामोठ्यांपुढे गप्प राहायचे. बायकांच्या वाट्याला तर हे दुप्पट येते. कायदा माणसाला बोलण्याचा हक्क देतो, पण बोलण्याची सवय कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. ती सवय माणसाला स्वस्तात, लवकर आणि हसतखेळत लावणारी आम्हांस ठाऊक असलेली एकच शाळा आहे, ती म्हणजे नाटकाची तालीम.

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. अडाणी शेतकरी जोडप्याला भटजी कसा नाडतो, हे त्यात दाखवले आहे. त्या नाटकाचा शेवट ध्यानात घेण्यासारखा आहे. शेवटी त्या नवराबायकोचे डोळे उघडतात आणि ती दोघे रात्रीच्या शाळेत जावयाचे ठरवतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही. पण आमच्या प्रांतात कष्टकऱ्याचे नाटक आणि कष्टकऱ्याची शाळा ही जुळी भावंडे आहेत, हे त्या वर्षीच लिहून ठेवले गेले. पुढे सत्यशोधकी जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी ढोलकीच्या साथीवर गावोगाव जाऊन जे सांगितले, ते पोथ्यापुराणांतून त्यांना कधी ऐकायला मिळाले नव्हते.

जोतीरावांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली. त्यांच्या खटपटीला यश येऊन १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारच्या सुट्टीचा निर्णय झाला. आज रविवार सर्वांनाच आहे. तो मागून मिळालेला आहे, याचा विसर मात्र सर्वांनाच पडला आहे. सुट्टी मिळवली, तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला: त्या मोकळ्या वेळात माणसाने जायचे कोठे? दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण पाळीपाळीने झोपणारे. खोलीबाहेर गुत्ता होता आणि जुगाराचा अड्डा होता. या प्रश्नाचे एक चांगले उत्तर ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने दिले. १९११ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे परळचे दामोदर हॉल १९२२ साली सुरू झाले. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी तेथे नमन केले, शक्तीतुऱ्याचे सामने लावले, दशावतार उभा केला, संगीत नाटके केली. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री तेथे राजा होई, आणि दुसऱ्या दिवशी खात्यात त्याच्याकडे पाहण्याची जोडीदारांची नजर बदललेली असे. हे शंभर वर्षांचे नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा कलावंत रस्त्यावर उतरले ते उगाच नव्हे.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंचे शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. गिरणीत काम करता करता हा माणूस लिहायला लागला. तमाशाचा बाज घेऊन त्याने लोकनाट्ये रचली आणि मैदानात हजारो माणसे रात्र-रात्र बसवून ठेवली. त्या पथकाजवळ रंगमंच नव्हता, पडदा नव्हता, दिव्यांची सोय नव्हती. वस्तीत तालमीला जागा होती आणि ऐकणारी माणसे शेजारी राहत होती, एवढ्या भांडवलावर ते उभे राहिले.

येथे आम्ही मुद्द्याशी येतो. ती जागा आणि ते शेजारी, दोन्ही आज राहिलेले नाहीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतील एक आमचे वडील. तो संप कसा संपला, की संपलाच नाही, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. आमची शाळा त्याच वर्षी सुटली. घरोघरचे नुकसान सर्वांनी पाहिले; पुढच्या वर्षांत एक नुकसान हळूहळू झाले आणि ते कोणी मोजले नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, तसतशा चाळीच्या गच्च्या, मंडळांच्या खोल्या, व्यायामशाळा आणि भजनी मंडळांच्या बैठका ओस पडल्या. गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ साली ५८ क्रमांकाचा नियम आला. एक वाटा सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक वाटा सार्वजनिक घरांसाठी आणि एक वाटा मालकाला, अशी ती कल्पना होती. २००१ सालच्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारात मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. जेथे भोंगा होता तेथे आज काचेचे मनोरे आहेत. तेथे पहारेकरी आहे आणि आत जाण्यासाठी ओळखपत्र लागते.

कामगार मात्र संपला नाही. तो विखुरला. आजचा कामगार एका फाटकातून आत जात नाही. कोणी रात्री एटीएमबाहेर खुर्चीवर बसतो, कोणी मोटरसायकलवर पाठीवर पेटी घेऊन दुसऱ्याचे जेवण पोचवतो, कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी कंत्राटदाराच्या टेम्पोत बसून झाडू मारायला जाते. यांना एक भोंगा नाही, एक साहेब नाही, जेवणाची एक सुट्टी नाही. कित्येकांना आपल्याच शेजारी कामाला असणाऱ्याचे नाव माहीत नसते. पूर्वी गिरणीच्या फाटकावर सभा घेतली की पाच हजार माणसे आपोआप समोर असत. आज पाच माणसे एकत्र करावयाची तर पाच वेळा फोन करावा लागतो. अशा काळात माणसांनी एकमेकांचे तोंड पाहावे असे एक ठिकाण वस्तीत असणे, ही आमच्या मते पगारवाढीइतकीच मोठी मागणी आहे. पगारवाढ मागायला आधी माणसे एका ठिकाणी जमावी लागतात.

आता वर्गात काय व्हावे, ते सांगतो. गेल्या वर्षी एका शाळेच्या व्हरांड्यात आम्ही चार महिने असा वर्ग चालवून पाहिला, त्यामुळे हे बोलणे हवेतले नाही. सतरंजी, पाण्याचे पिंप आणि शिकवणारा एक माणूस, एवढीच सामग्री. पंचवीस-तीस माणसे गोल उभी राहतात. आधी श्वास. मग पोटातून आवाज काढणे, म्हणजे न ओरडता शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे बोलणे. मग चालणे. थकलेला माणूस कसा चालतो, देणेकरी कसा चालतो, नवी चप्पल घेतलेला कसा चालतो. मग दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांचा आरसा व्हायचे. मग दिवसभरात घडलेली एक गोष्ट दोन मिनिटांत सांगायची. बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायची. सर्वांत अवघड पाठ हाच, विशेषतः आम्हा पुढाऱ्यांना. यानंतर कोठे प्रवेश बसवायचा, आणि तोही आपल्याच अनुभवातला.

या वर्गात एक सफाई कामगार बाई मुलीला पोचवायला येत. तीन आठवडे भिंतीला टेकून बसल्या. चौथ्या आठवड्यात मुकादमाचे काम करायला कोणी उठेना, तेव्हा त्या उठल्या. पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि मुकादम असा उभा केला की सगळा वर्ग हसून लोळला. हसणे थांबले तशा त्या मात्र थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा पण कुणाला तरी भितोय की." हे वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. वर्षानुवर्षे ज्याच्यासमोर मान वर केली नाही, त्या माणसाच्या अंगात शिरल्यावर त्या बाईंना कळले की त्याच्याही डोक्यावर कंत्राटदार बसला आहे. पुढच्या महिन्यात त्यांचा दोन दिवसांचा पगार कापला गेला. बाई कचेरीत गेल्या, हजेरीपट मागितला आणि आवाज न चढवता, जागचे न हलता आपले म्हणणे सांगितले. एका दिवसाचा पगार परत मिळाला. दुसऱ्या दिवसाचे भांडण अजून चालू आहे. नाटकाचा वर्ग केल्याने जग बदलते, असा आमचा दावा नाही. एका दिवसाचा पगार परत येतो, एवढे मात्र आम्ही पाहिले आहे.

दुसऱ्याच्या अंगात शिरून पाहण्याची ही युक्ती जगभर माणसांनी वापरली आहे. ब्राझील देशात आगुस्तो बोआल नावाचे नाटककार होऊन गेले. २००९ साली ते वारले. त्यांनी एक पद्धत काढली. गरिबावर अन्याय होतो असा प्रवेश करून दाखवायचा आणि मग तोच प्रवेश पुन्हा सुरू करायचा. या खेपेस प्रेक्षकांपैकी कोणीही "थांबा" म्हणावे, मंचावर यावे, अन्याय होणाऱ्याची जागा घ्यावी आणि आपण काय केले असते ते करून दाखवावे. उपाय चालतो की फसतो, ते सर्वांच्या डोळ्यांपुढे कळते. हेच बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ शहराच्या नगरसभेत निवडून आलेले सभासद होते, आणि वस्त्यांतून अशा खेळांत निघालेल्या सूचनांवरून त्यांनी शहराचे कायदे करवून घेतले. आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये 'जन संस्कृती' ही संस्था १९८५ पासून खेड्यापाड्यांतील मजूर आणि बायकांना घेऊन याच पद्धतीने काम करीत आली आहे.

दिल्लीच्या 'जन नाट्य मंच'ने १९७८ साली 'मशीन' हे छोटेसे पथनाट्य केले. त्यामागे घडलेली गोष्ट अशी: एका कारखान्यातील कामगारांनी सायकली ठेवायला जागा आणि चहासाठी उपाहारगृह मागितले, आणि एवढ्याशा मागणीवरून गोळ्या झाडल्या जाऊन कामगार मेले. नटांनी आपल्या हातापायांचेच यंत्र केले आणि तोंडानेच त्याचा आवाज काढला. एका पैशाची सामग्री लागली नाही. याच मंडळींचा साहिबाबादेत 'हल्ला बोल' हा खेळ चालू असताना १ जानेवारी १९८९ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला. राम बहादूर नावाचा कामगार मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी वारले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी यांनी त्याच जागी जाऊन साथीदारांसह तोच खेळ पूर्ण केला. २०१२ साली या मंडळींनी दिल्लीतील एका कष्टकरी वस्तीत 'स्टुडिओ सफदर' नावाची छोटी जागा उघडली. रस्त्यावर नाटक करण्यात ज्यांची उमर गेली, त्यांनाही शेवटी चार भिंतींची एक हक्काची जागा लागली. तालीम रस्त्यावर होत नाही.

आपल्या ठाण्यात तर रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्त्यांतील मुलामुलींनी आपल्याच जगण्यावर आपणच नाटुकली रचायची आणि आपणच करायची, असा तो उपक्रम. मराठी रंगभूमीवर नाव मिळवलेला लेखक झोपडपट्टीतल्या पोरांची तालीम पाहायला बसतो, ही गोष्ट आम्हांस अनेक पुरस्कारांहून मोठी वाटते. मतकरी २०२० साली गेले. त्यांनी घालून दिलेली वाट मात्र आपल्या शेजारच्या शहरातलीच आहे, आणि तिच्यावर चालायला परवानगी लागत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप: फुकटाला किंमत नसते, निदान नाममात्र फी ठेवा. या सभेतील किती जणांनी तिकीट काढले आहे? १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगाव तिच्या बहिणी निघाल्या. त्यांनी दीडशे वर्षे महाराष्ट्राला ज्ञान दिले, म्हणून त्या ज्ञानाची किंमत कमी झाली काय? दरमहा दोनशे रुपये ही बोलायला लहान रक्कम वाटते. घरात दोन मुले असली की चारशे होतात, आणि मग आई म्हणते, मुलगा जाऊ दे, मुलीचे पुढच्या वर्षी पाहू. ते पुढचे वर्ष येत नाही. फीचा पहिला बळी घरातली मुलगी असते, हे आम्ही शिकवणीच्या वर्गांत डोळ्यांनी पाहिले आहे. बादल सरकार हे बंगालचे थोर नाटककार. बंदिस्त रंगमंच सोडून ते लोकांमध्ये उतरले, तेव्हा तिकिटाची अट त्यांनी काढून टाकली आणि खेळानंतर ज्याला जे वाटेल ते त्याने द्यावे, अशी रीत ठेवली. किंमत माणूस वेळेने मोजतो. आठ तास उभे राहून काम केल्यावर जी बाई संध्याकाळी दीड तास वर्गाला येते, तिने त्याची किंमत मोजलेलीच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण युनियनचा माणूस ती विसरला तर त्याने झेंडा खाली ठेवावा. वर्ग मोफत याचा अर्थ शिकवणाऱ्याने फुकट राबावे असा नाही. नट, दिग्दर्शक, नेपथ्यवाले हे सर्व कामगार आहेत. "तुमची कला आहे, समाजासाठी करा" असे म्हणून त्यांना रित्या हाताने परत पाठवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. शिकवणाऱ्याला ठरलेले मानधन, ठरलेल्या तारखेला मिळाले पाहिजे. पैसा कोठून आणायचा? सभागृह शनिवार-रविवारी लग्नाला खुशाल द्या आणि त्या भाड्यातला एक वाटा वर्गासाठी बांधून ठेवा. आमची युनियन आपल्या वर्गणीतून वाटा उचलील. राज्यात १९५३ च्या कायद्याने उभा झालेला कामगार कल्याण निधी आहे. त्यात कामगाराच्या वेतनातून पैसा जातो, आणि मालकांकडे पडून राहिलेले न दिलेले वेतनही जाते. त्या मंडळाच्या नाट्यस्पर्धा वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. स्पर्धेला माणसे हवीत तर शाळाही हवी, हे म्हणणे त्या मंडळापुढे मांडता येईल.

दुसरा आक्षेप: नाटकापायी मुले अभ्यास सोडतील, मुली बिघडतील. चार लोकांत उभी राहून स्वच्छ बोलणारी मुलगी बिघडली असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांनी एकदा वर्गाला येऊन बसावे. दार उघडेच राहील, आणि ते उघडेच राहावे असा आमचा आग्रह आहे.

तिसरा आक्षेप जरा गंभीर आहे आणि तो करणारे लोक आमचे मित्र आहेत. ते म्हणतात, तुम्ही युनियनवाले. उद्या हा वर्ग तुमचा प्रचाराचा कारखाना होईल. मुलांच्या तोंडी तुमच्या घोषणा बसवाल. या आक्षेपाला आम्ही मान देतो, कारण मोह खरा आहे. मोर्चाला पंधरा तयार नट मिळाले तर कोणत्या पुढाऱ्याला नको आहेत? पण नीट विचार करा. साहेबासमोर मान खाली घालणारा कामगार आमच्यासमोर मान खाली घालून आम्ही लिहिलेली वाक्ये पाठ म्हणू लागला, तर त्याचा धनी बदलला. त्याला आवाज आला असे म्हणता येणार नाही. जो माणूस वर्गात बोलायला शिकेल तो एक दिवस युनियनच्या सभेत उभा राहील आणि आम्हांलाच हिशेब विचारील. तो दिवस यावा, यासाठीच ही सारी खटपट आहे. म्हणून आमचेच म्हणणे आहे की, वर्गाच्या भिंतीवर कोणाचाही झेंडा नसावा, आमचासुद्धा. कारखान्यातील अधिकाऱ्याच्या मुलाने येथे यावे आणि झाडूवालीच्या मुलीच्या शेजारी उभे राहावे. दोघांनी एकमेकांच्या बापाचे काम करून पाहावे. त्यातून भांडण निघाले तरी चालेल. वर्गात निघालेले भांडण तालमीत सोडवता येते.

राहता राहिली व्यवस्था. वास्तू कोणाची, हे कोनशिलेवरून ठरत नसते, किल्ली कोणाकडे आहे यावरून ठरते. जी किल्ली रोज कोणाच्या तरी घरून मागून आणावी लागते, ती वास्तू लोकांची नव्हे. म्हणून आमच्या चार सूचना आहेत. वर्गाचे दिवस आणि वेळ वर्षभरासाठी लेखी ठरावेत. कोणाचा सत्कार निघाला म्हणून वर्ग उठवू नये. वेळ साडेसातची असावी, कारण त्याआधी कामावरची माणसे घरी पोचत नाहीत, आणि रविवारी सकाळी एक वर्ग रात्रपाळीवाल्यांसाठी ठेवावा. व्यवस्था पाहणाऱ्या समितीत निम्म्या बायका असाव्यात आणि वर्गाला येणाऱ्यांनी ती निवडावी. चौथी सूचना फार लहान आहे: एका कोपऱ्यात चटई टाकून लहान मुलांना सांभाळणारे कोणीतरी असावे. आमच्या व्हरांड्यातील वर्गात ही चटई आली त्या आठवड्यापासून बायकांची संख्या वाढली, आणि मुले सांभाळणारी आजी महिन्याभरात स्वतःच प्रवेश करू लागली.

सभ्य गृहस्थहो, व्याख्यानमालेने या प्रांताला एक फार मोठी गोष्ट शिकवली. आपल्याशी न पटणारा माणूस तासभर बोलत असताना शांतपणे ऐकून घेणे, ही ती गोष्ट. ही शिस्त नसती तर आम्हीही आज येथे उभे राहिलो नसतो. पण दीडशे वर्षे समोर बसून ऐकणाऱ्यांत आमच्या लोकांची संख्या मोठी आणि व्यासपीठावर आमची माणसे थोडी, हे आपण मान्य कराल. ऐकणाऱ्याने केव्हातरी बोलावे, यासाठी त्याला तालमीची जागा लागते. ती जागा आता बांधून तयार आहे. तिच्या भिंतींचा रंग अजून ओला आहे, आणि तेथे पहिल्या वर्षी जी वहिवाट पडेल तीच पुढे पन्नास वर्षे चालेल. पहिले वर्ष लग्नांच्या मंडपाचे गेले तर ते मंगल कार्यालय होईल आणि पहिले वर्ष तालमींचे गेले तर ती शाळा होईल.

येत्या महिन्यात पालिकेच्या समितीपुढे हा प्रश्न येणार आहे. मागणीच्या अर्जावर आजपर्यंत सातशे सह्या झाल्या आहेत. त्यांतील पुष्कळ अंगठे आहेत. आपणांपैकी ज्यांना पटले असेल त्यांनी बाहेर ठेवलेल्या कागदावर सही करावी. ज्यांना पटले नसेल त्यांनी समितीच्या बैठकीला येऊन विरोध करावा, पण मोठ्याने आणि स्वच्छ करावा. तेवढे झाले तरी आमचे अर्धे काम झाले असे आम्ही समजू.